एकट्यानं येऊ नका

चैत्र लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी एक पिकअप येऊन थांबतो. मागच्या हौद्यात आधीच बऱ्याच बायका उभ्या असतात. साडीवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल, हातातल्या पिशवीत विळा आणि डबा. आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी चढतात. वरची हात देते, खालची पाय रेटून वर येते, आणि गाडी हलायच्या आत कुणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळ्या हसतात. कांदा काढायला निघालेल्या असतात. पुढे महिना-दीड महिना सगळीकडे एकच वास राहतो, कापलेल्या पातीचा, हिरवट, नाकात चढणारा. वाऱ्यावर कांद्याची पातळ गुलाबी सालं उडत येतात आणि उंबऱ्याशी गोळा होतात. झाडून काढली तरी दुपारपर्यंत पुन्हा येऊन बसतात.

दौंडला येऊन मला काही वर्षं झाली. इथे दिवसभर स्टेशनवरच्या घोषणा घरात ऐकू येतात. अमुक गाडी अमुक फलाटावर येत आहे, तमुक गाडी उशिराने धावत आहे, त्याबद्दल खेद आहे. खेदाचा सूर आणि फलाटाच्या नंबराचा सूर अगदी एक. पाहुणे आले की त्यांना त्याचं हसू येतं. मला येत नाही. बोलणाऱ्याला काय वाटतं हे ऐकणाऱ्याला नको असतं, गाडी कधी येणार एवढंच हवं असतं, हे मला कामामुळे ठाऊक आहे.

काम म्हणजे रेडिओ. दौंडला येण्याआधी मी शिरूर तालुक्यात, केंदूरच्या बाजूला राहत होते आणि तिथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिका होते. केंद्र म्हणजे एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत माइक. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. गावातल्या बायकांनी शिवून दिलेल्या, प्रत्येकीच्या घरच्या जुन्या लुगड्यांच्या. बोलताना पंखा बंद ठेवावा लागायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये जायची. उन्हाळ्यात त्या खोलीत बसलं की गोधड्यांना माणसांचा वास सुटायचा. आमचा आवाज आसपासच्या थोड्या गावांपुरताच पोचायचा, टेकडी ओलांडली की नुसती खरखर. पुढे मोबाइलवरही ऐकायची सोय झाली, तेव्हा कामासाठी लांब गेलेली माणसंही ऐकू लागली. कुणी कोरेगाव भीमाच्या बाजूच्या कारखान्यांतून, कुणी कुरकुंभहून.

बाजारभाव, पिकावरची औषधं, कालव्याला पाणी कधी सुटणार, लसीकरण, आणि मधे मधे फर्माइशीची गाणी. बातम्या मात्र नाहीत. आमच्यासारख्या केंद्राला बातम्या द्यायची परवानगी नसते. त्या सरकारी रेडिओनं द्यायच्या. आम्ही द्यायची ती माहिती. रस्ता बंद आहे ही माहिती. तो का बंद आहे, कोण गेलं, किती गेले, ही बातमी. केंद्राचे प्रमुख प्रभाकर सर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. बातमी आणि माहिती यांच्यातली रेघ ते नकाशावरच्या सीमेसारखी दाखवायचे. "अनिता, इथपर्यंत आपलं," असं म्हणून टेबलावर बोटानं खरोखरच रेघ ओढायचे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, तो हंगाम बरा चालला होता. कांदा मोठा झाला होता, पाऊस कुठे मधे आला नव्हता, आणि कालव्याला उन्हाळ्याचं पाणी सुटलेलं होतं. उन्हात कालवा भरून वाहताना फार शांत दिसतो. नदीला वळणं असतात, खडक असतात, आवाज असतो. कालव्याचं पाणी नुसतं एका अंगानं सरकत राहतं. काठ सिमेंटचे, तिरपे, शेवाळलेले. आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही.

त्या सकाळी मी उन्हाळी भुईमुगाबद्दल बोलत होते. बोलणं संपवून गाणं लावलं, पंखा चालू केला, तेवढ्यात फोन वाजला. आमचे नेहमीचे श्रोते आप्पा होते. त्यांचं शेत कालव्याला लागून. एरवी ते लांबण लावून बोलायचे, आधी माझी विचारपूस, मग हवापाणी, मग फर्माइश.

"ताई, गाणं बंद करा," ते म्हणाले. "मोठ्या मोरीपाशी कालव्यात पिकअप गेलाय. कांद्याच्या बाया हायेत आत."

मी गाणं बंद केलं. सर बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी आधी पोलिसांना फोन लावला, मग पाटबंधारे खात्याच्या माणसाला, वरून पाणी बंद करा म्हणून. तेवढा वेळ हवेत काहीच जात नव्हतं. रेडिओवर शांतता म्हणजे केंद्र बंद पडलं असं लोक समजतात. मी आत माइकसमोर बसले होते आणि दार उघडं होतं.

"सर, सांगू?"

"अपघात झाला असं नाही म्हणायचं."

"मग काय म्हणू?"

त्यांनी टेबलावर रेघ ओढली नाही. म्हणाले, "तिथे काय काय हवंय ते म्हण."

मी पंखा बंद केला आणि बोलले. "कालव्याकडेच्या रस्त्यानं वाहनं नेऊ नका. ज्यांना पोहता येतं त्यांनी मोठ्या मोरीपाशी यावं. दोर आणावेत. ट्रॅक्टरच्या ट्यूबा हवा भरून आणाव्यात. मोरीच्या खालच्या गावांनी कालव्यावर यावं, पाण्यावर नजर ठेवावी." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बाजारभाव वाचावा त्याच चालीत. सरांनी दारातून हातानं खूण केली होती, सावकाश, सावकाश.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मला ते नंतर अनेकांनी सांगितलं आणि प्रत्येकानं थोडं वेगळं सांगितलं. रस्त्याची कड खचली आणि गाडी आडवी होऊन पाण्यात गेली, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माणसं अर्धे वाफे तसेच टाकून धावली. काही बायका मोरीपाशीच पाण्याबाहेर आल्या, काही वाहत खाली गेल्या. खालच्या गावच्या पुलाशी बाप्ये एकमेकांचे हात धरून या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यात उभे राहिले आणि त्या साखळीला येऊन काही जणी अडकल्या, जिवंत. "तुमचं ऐकून गेलो ताई," असं मला त्यातल्या दोघातिघांनी नंतर सांगितलं. ते हे सगळं करत होते तेव्हा मी गोधड्या बघत होते. समोरच्या गोधडीवर एक जांभळा तुकडा होता. एरवी त्याच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

मग फोन सुरू झाले. कुठल्या वाडीच्या बाया? कुणाची गाडी? आमची हिरा होती का त्यात? मला काहीच माहीत नव्हतं. पण गावागावांच्या मोबाइल ग्रुपांवर नावं फिरू लागली होती. कुणीतरी टाकलं की हिराबाई गेल्या. हिराबाई म्हणजे पलीकडच्या वाडीवरच्या म्हाताऱ्या बाई, टोळीत वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या सुनेनं फोन केला तेव्हा मागे रडण्याचा गलका चालू होता. "ताई, खरं हाय का वं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, मला ठाऊक नाही. तिला ते खोटं वाटलं असणार. रेडिओवाल्या बाईला ठाऊक नसेल तर मग कुणाला असेल?

तोवर सर मोटरसायकल घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथून त्यांनी फोन केला. "ज्या वाचल्यात त्या इथे आहेत. एकेकीला विचारलंय, बोलायची तयारी आहे. तू फोन माइकला जोड. नाव आपण नाही घ्यायचं, ज्याचं त्यानं घ्यावं. ही बातमी नाही. माणूस स्वतःच्या घरी निरोप देतंय."

पहिल्या हिराबाईच बोलल्या. दम लागलेला, पण आवाज खणखणीत.

"मी हिराबाई. जित्ती हाय मी. रडू नगा कुणी. आन् म्हशीला पानी पाजा, सकाळपास्नं तशीच बांधलीया."

त्या भागात त्या क्षणी किती घरांत लोक रडता रडता हसले असतील, मला कल्पना करता येत नाही. मी हसले एवढं आठवतं. माइक बंद होता.

मग एकेक जणी. "मी मंगल. मी बरी हाय. आईला सांगा." "मी शालन, पायाला लागलंय, बाकी काय न्हाई." कुणाला नाव सांगून पुढे बोलताच आलं नाही, तर सरांचा आवाज आला, "बरी आहे हो, फक्त घाबरलीय." प्रत्येक नावानंतर कुठेतरी एक घर सुटत होतं, ते माझ्यापर्यंत पोचत होतं. आधी फोन करून विचारणारी माणसं पुन्हा फोन करून सांगत होती, ताई, ऐकलं, ऐकलं.

त्यातच कुरकुंभहून एक फोन आला. आवाज दबका, मागे यंत्रांची घरघर.

"ताई, मी सोपान. माझी मालकीण सुनंदा त्या टोळीत हाय. म्या मोबाइलवर ऐकतोय, पर मधीच तुटतंय. तिचं नाव यिऊन गेलं का?"

तो तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त प्रश्न ऐकू आला.

"अजून नाही आलं," मी म्हटलं.

"अजून म्हंजी, यायचं हाय?"

शब्द किती बारीक असतात. मी 'अजून' म्हटलं ते धीर द्यायला. त्यानं ते हातात धरून उलटंपालटं करून पाहिलं.

"मला माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं.

"बरं. मी ऐकतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

यानंतर आणखी दोघी बोलल्या. सुनंदा त्यांत नव्हती. मग सरांनी दुसऱ्या फोनवरून, हवेत जाणार नाही अशा बेतानं सांगितलं, "एवढ्याच आहेत, अनिता. तिघींचा पत्ता नाही. शोध चालू आहे."

जिवंत माणसांचे आवाज ऐकवण्यात काही वावगं आहे असं तोवर आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं. पण एकेक आवाज येत गेला तसतशी उरलेली जागा लहान होत गेली होती, आणि आता त्या जागेत फक्त तीन घरं उभी होती. आम्ही कुणाच्याही मरणाचा शब्द काढला नव्हता. रेघेच्या अलीकडेच राहिलो होतो. तरी 'एवढ्याच' म्हटलं असतं तर तिघींची बातमी देऊन झाली असती. गाणं लावलं असतं तरी तेच झालं असतं. गप्प राहिले असते तरीही. कुरकुंभला एक माणूस कानाला मोबाइल लावून बसला आहे, हे मला दिसत होतं. एरवी श्रोता म्हणजे मला एक मोठा, चेहरा नसलेला घोळका वाटायचा. त्या वेळी तो एकच होता.

मी बोलले ते असं: "कालव्यावर शोध चालू आहे. ज्यांना आपल्या घरच्या बाईचा आवाज अजून ऐकू आलेला नाही, त्यांनी सरकारी दवाखान्यात यावं. एकट्यानं येऊ नका. कुणाला तरी बरोबर घेऊन या."

शेवटची दोन वाक्यं ठरवून आली नव्हती. तोंडातून गेली. ती पुन्हा एकदा म्हटली आणि मग बराच वेळ दुसरं काही बोलले नाही. पंखा लावायचंही राहून गेलं.

तिघी उतरत्या दुपारी सापडल्या. खालच्या बाजूला, पाणी उतरल्यावर. सुनंदा त्यात होती.

त्या हंगामात पुढे काही दिवस शेतांत काढलेला कांदा तसाच पडून होता. कापायला बायका नव्हत्या. उन्हानं त्याची सालं सुटली आणि वाऱ्यावर गावभर फिरत राहिली. मग हळूहळू दुसऱ्या टोळ्या आल्या, ढीग लागले, गोण्या भरल्या, गाड्या गेल्या. हिराबाईसुद्धा गेल्या म्हणे कामावर. मी बाजारभाव वाचत होते. बाजारात मला लोक थांबवायचे. एकदा भाजी घेताना भाजीवाली बाई म्हणाली, "तुम्ही एकट्यानं यिऊ नगा म्हणलात ना, तवाच कळलं बघा आमाला." ती दोष देत होती की नुसतं सांगत होती, मला आजही ठरवता येत नाही. तिनं मला दोन लिंबं जास्त घातली.

तेरावं होऊन गेल्यावर सोपान केंद्रावर आला. मध्यम उंचीचा, डोकं भादरलेला, कंपनीचा निळा शर्ट घातलेला माणूस. सर उठून उभे राहिले. तो खुर्चीवर बसला नाही.

"तुम्ही म्हणलात एकट्यानं यिऊ नगा," तो मला म्हणाला. "आमच्या खोलीत बिहारचा एक पोरगा ऱ्हातो. त्येच्या गाडीवर आलो. एवढ्या रस्त्यात त्यो एकदाच बोलला. भैया, पकड के बैठो. बाकी कायबी न्हाई. बरं झालं, म्या एकटा असतो तर पोचलोच नसतो."

सरांनी पाणी दिलं. त्यानं ते पिऊन पेला खिडकीत ठेवला.

"एक काम हुतं सर. त्या दिवशी सगळ्या बायांची नावं रेडिओवर आली. हिराबाईचं, मंगलचं, समद्यांचं. माझ्या मालकिणीचं न्हाई आलं. म्या ऐकत हुतो. शेवटपत्तोर ऐकत हुतो. तिचं नाव घ्या."

सर म्हणाले, "श्रद्धांजलीचा कार्यक्रम करू आपण. रीतसर करू."

"तसं नगं. मेली म्हणून नगा सांगू. ते समद्यांस्नी ठावं हाय. त्या बायांनी जसं सांगितलं, मी अमकी, तमक्या वाडीची, तसं. नाव आन् गाव. एवढंच."

मग त्यानं सांगितलं की तो उरलेल्या दोन घरांतही जाऊन विचारून आलाय. एका घरानं हो म्हटलं. दुसऱ्या घरातल्या सासूबाईंनी सांगितलं, आमच्या सुनेचं नाव आता कुठं नगं, पोरं ऐकत्यात. "म्हणून दोनच सांगा," सोपान म्हणाला. "तिसरीचं न्हाई. मी शब्द दिलाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. यात कुठला नियम लागतो, लागतो की नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी आत गेले. पंखा बंद केला. त्या वेळी फर्माइशी चालू असायच्या. अमक्या गावचे अमके, तमक्या गावच्या तमक्या, अशी नावं वाचायची आणि गाणं लावायचं. त्याच चालीत मी पहिलं नाव वाचलं. सुनंदा, मग वाडीचं नाव. मग दुसरं. मधे जरा थांबले. कुणी, कशासाठी, काही सांगितलं नाही. मग गाणं लावलं.

बाहेर आले तेव्हा सोपान बाहेरच्या स्पीकरखाली उभा होता. चप्पल घालता घालता म्हणाला, "येवढंच हुतं." दारापर्यंत गेला, मागे वळला, "गाडी हाय खाली. त्योच पोरगा आलाय," असं म्हणाला आणि जिना उतरला. सर खिडकीशी जाऊन बघत राहिले. मी नाही गेले.

तेवढ्यात फोन वाजला. हिराबाई होत्या.

"दोगींचीच घेतलीस ग बाय. तिसरीचं?"

"तिच्या घरच्यांनी नको म्हटलंय, आजी. मुलं ऐकतात म्हणून."

पलीकडे कुठेतरी म्हैस हंबरली.

"व्हय, तेबी खरंच हाय," त्या म्हणाल्या. "मंग तू ऱ्हाऊ दे. मी हितंच घिते."

फोन त्यांनी ठेवला नव्हता. कानापासून दूर केला असावा. मग लांबून, गोठ्याच्या बाजूला तोंड करून घेतल्यासारखं, हाक मारावी तसं त्यांनी ते नाव घेतलं. एकदाच. मला स्पष्ट ऐकू आलं. आत गाणं चालू होतं, माइक बंद होता, ते कुठेही गेलं नाही.

इथेही मी ते लिहिलेलं नाही.